पात्र कोण धरणार

कीमवहिनीच्या पेजेच्या दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा तेमनं मनाशी पक्कं केलं होतं. ऑम्लेट यायच्या आत विचारायचं. एकदा ऑम्लेट आलं की काका खायला लागतात, आणि खाणाऱ्या काकांशी बोलणं म्हणजे बंद शटरशी बोलणं. तेव्हा आधीच. बसल्या बसल्या.

वाक्य काही मोठं नव्हतं. ‘काका, उद्या माझं पात्र तुम्ही धरा.’ संपलं. पण महिनाभर ते अडकून बसलं होतं.

उद्या सकाळी तेमचं मुंडण. केस जाणार, भुवयाही जाणार, पांढरे कपडे चढणार. मग वाजतगाजत विहाराला तीन फेऱ्या, आणि आत जाऊन तो भिक्खू होणार. पंधरवडाभर. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून सुट्टीच तेवढी मिळाली होती. त्या पंधरवड्यात दुपार टळली की पोटात अन्नाचा कण नाही. म्हणून आज संध्याकाळचं जेवण बाहेर, आणि बाहेर म्हणजे कुठं हे घरात कुणी कुणाला विचारलंही नाही. राचबुरीत माणूस तापातून उठला, नोकरीला लागला, प्रेमात आपटला, काहीही झालं तरी कीमवहिनीकडेच येऊन बसतो. पत्र्याची शेड, गुळगुळीत झालेली लाल स्टुलं, दाराशी भला मोठा टोप, टोपात मऊ पांढरी पेज. पेजेबरोबर तोंडी लावायला पंचवीस प्रकार. आणि सगळ्यावर कीमवहिनीचा आवाज.

मिरवणुकीत आई चीवर धरते. बाप भिक्षापात्र धरतो आणि ताडाच्या पानाचा पंखा. हे असंच असतं. घोळ इथंच होता. तेमचे बाबा तो चार वर्षांचा असताना चंथबुरीला गेले. तिथं त्यांनी ड्युरियनच्या फळांची बाग केली, दुसरा संसार केला. भांडण नाही, तंटा नाही, नुसते गेले. तेमला वाढवलं ते आईनं नंतर ज्यांच्याशी घर मांडलं त्या बुनलर्टकाकांनी.

काकांची निळी वडाप. मागे दोन बाकं, वर टप. बाजार ते स्टेशन, स्टेशन ते बाजार. त्याच गाडीतून तेम शाळेत गेला. आणि त्या शाळेत दरवर्षी पितृदिन यायचा. मैदानात खुर्च्या मांडायचे, सगळे बाप ओळीनं बसायचे, पोरं गुडघे टेकून पाया पडायची आणि कर्दळीचं पिवळं फूल द्यायची. काका तेमला सोडायचे आणि फाटकाबाहेर उभे राहायचे. तेम आतून हात करायचा, या ना. काका मान हलवायचे. "ती खुर्ची बापाची आहे रे. मी इथून बघतो." मग एखादे मास्तर त्या खुर्चीवर बसायचे. तेम त्यांच्या पाया पडायचा, पण फूल द्यायचा नाही, ते खिशात चुरगळून घरी आणायचा आणि गाडीत काचेजवळ ठेवायचा. काका ते काळं पडेपर्यंत हलवायचे नाहीत.

उद्या विहाराच्या फाटकाबाहेर काकांना उभं राहू द्यायचं नव्हतं. तेमला एवढंच हवं होतं.

"काय रे, विचारलंस?" गाडीतून उतरता उतरता आईनं कोपर मारलं.

"विचारतो."

"कधी? भुवया गेल्यावर?"

"आई, तूच सांग ना त्यांना."

"मी का सांगू? पात्र तुझं, तोंड तुझं. अजून शाबूत आहे ना?"

आईचं नाव विमोन. शाळेचे गणवेश शिवायची. दोरा तोडायची सवय असल्यामुळे बोलणंही तसंच, दातांनी कचकन तोडून.

दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. बाहेर आठदहा माणसं ताटकळत उभी. पण कीमवहिनीनं लांबूनच झारा उंचावला. "उद्याचे भंते आले! वाट द्या, वाट द्या. आज याला उपाशी ठेवलं तर मला पाप लागेल. बुनलर्ट, तिघं ना?"

काका म्हणाले, "चौघं."

तेमनं आईकडे पाहिलं. आईनं तेमकडे पाहिलं. चौथं कोण?

"बसा तर आधी," काका म्हणाले आणि मान खाली घालून रुमालानं स्वच्छ टेबल पुन्हा पुसायला लागले. काका जाडजूड, टक्कल पडलेले, गळ्यात बुद्धाचा ताईत, बोलणं कमी. बोलायचं टाळायचं असेल तेव्हा ते काहीतरी पुसायचे. गाडीचा आरसा, चष्मा, टेबल.

शेजारच्या टेबलावर वाजंत्र्यांचा ताफा बसला होता. लांबुडके ढोल भिंतीला टेकवून ठेवलेले. त्यांचे म्होरके तोमनाना, सत्तरीचे, तोंडात तीन दात आणि आवाज मात्र भोंग्यासारखा. उद्याची सुपारी यांचीच.

"काय रे पोरा," नाना ओरडले, "पाली सूत्रं पाठ झाली का? नाहीतर भंतेंपुढं त त प प!"

"झाली नाना."

"आणि मैत्रीण बित्रीण? तिला सांगितलंस का वाट बघ म्हणून?"

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे नाना."

"पंधरा दिवसांत पोरी काय काय करतात तुला माहीत नाही!" सगळा ताफा खदखदला.

कीमवहिनी टेबलाशी आली. "बोला. नाळीची भाजी आलीच. मुळ्याचं ऑम्लेट आलंच. काळ्या रश्शातली अंडी आणि डुकराचं मांस, ते आलंच. खारवलेल्या अंड्याची कोशिंबीर आंबटढाण करते, विमोनला आवडते तशी. आणि चौथ्या माणसाला काय आवडतं?"

काकांचा रुमाल थांबला. ते आईकडे बघून म्हणाले, "सानितला काय आवडतं गं?"

टेबलावर असं काही झालं, जसं कुणी पंखा बंद करावा.

सानित म्हणजे बाबा.

"खारा मासा," आई अगदी सपाट आवाजात म्हणाली. "वहिनी, खारा मासा घाला एक." वहिनीनं तिघांची तोंडं बघितली आणि पहिल्यांदाच आरोळी न मारता गेली. ती गेल्यावर आई वळली. "अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"फोन केला. चंथबुरीच्या बाजारसमितीतनं नंबर काढला. म्हटलं, तुमच्या मुलाची दीक्षा आहे, पात्र धरायला या. येतो म्हणाले. सकाळच्या बसनं निघालेत." काकांनी एवढं मोठं भाषण वर्षात केलं नव्हतं. "तेमला चकित करावं म्हटलं."

"झालो चकित," तेम म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "काका, पात्र तुम्ही धरावं म्हणून मी..." आणि वाक्य पुन्हा अडकलं. महिनाभर घोकलेलं वाक्य, आणि बाहेर आलं तेव्हा अर्धंच, तेही रागाच्या तोंडून.

काका हलकेच म्हणाले, "मी कच्चा माणूस आहे रे."

हे तेमला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. दीक्षा न घेतलेला पुरुष म्हणजे कच्चा, साठी आली तरी कच्चाच. काकांच्या आईला फार वाटायचं, पोराच्या पिवळ्या चीवराचा काठ धरून आपण वर स्वर्गात जावं. काकांच्या दोन्ही धाकट्या भावांच्या दीक्षा काकांच्या गाडीच्या कमाईवर झाल्या. काकांची पाळी यायच्या आत म्हातारी गेली. मग आता कुणासाठी, म्हणून ते राहूनच गेलं. पण काका ते विसरले नव्हते. लोकांच्या मिरवणुकीत ते कायम शेवटी चालायचे, चपला सांभाळणाऱ्यांबरोबर.

"मी भंतेंना विचारलंय," तेम म्हणाला. "ते म्हणाले, पात्र धरायला दोन हात लागतात, बाकी काही लागत नाही."

"भंते मोठ्या मनाचे. ते असंच म्हणणार." काका पुन्हा टेबल पुसायला लागले. "पण पहिलं पात्र आहे तुझं. पिकल्या माणसाच्या हातून जावं. सानितनं दीक्षा घेतलीय. तुझा बापही आहे. दोन्ही बाजूंनी बरोबर बसतं. मी असेन ना मागं. गाडी आणेन, पाण्याचे जार आणेन..."

"फाटकाबाहेर उभे राहाल," तेम म्हणाला.

काका टेबलाचा एकच कोपरा घासत राहिले.

तेवढ्यात दुकानात एक वास शिरला. लोकांनी नाकं वर केली. दारात एक सडपातळ माणूस उभा होता. कोरा करकरीत शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, केस पाण्यानं चापूनचोपून बसवलेले. हातात काटेरी ड्युरियनची पिशवी.

"अहो ड्युरियनवाले!" कीमवहिनीचा आवाज परत आला. "ते बाहेर! माझ्या पेजेला त्याचा वास लागला तर गिऱ्हाईक पळेल!"

माणूस दचकला, दोनदा वाकून माफी मागितली, पिशवी बाहेर काकांच्या गाडीशेजारी ठेवली, परत आला. ती गाडी कुणाची हे त्याला माहीत नव्हतं, तरी तिथंच ठेवली. मग टेबलापाशी येऊन त्यानं हात जोडले. आधी काकांना. काकांनी घाईघाईनं उठून त्याच्याहून खाली वाकून हात जोडले. मग त्यानं अजून खाली वाकून जोडले. दोघं एकमेकांखाली जाता जाता टेबलाच्या उंचीला आले तेव्हा आई म्हणाली, "आता बसता का, का लोळण घेता?"

बाबा बसले. तेमनं हात जोडले. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, पटकन नजर काढली, परत पाहिलं.

"उंच झालास."

"हो."

"जेवलास का?"

"आता जेवतोय."

"हो. हो, बरोबर."

चार वाट्या पेज आली. वाफ चौघांच्या तोंडावर गेली आणि थोडा वेळ कुणाला कुणाचं तोंड बघावं लागलं नाही, हे बरं झालं. पाठोपाठ नाळीची भाजी, कढईतून जाळासकट उतरलेली, लसणीचा खमंग वास मारत. खारा मासा. काळा रस्सा. कोशिंबीर. ऑम्लेट सगळ्यांत शेवटी, सोनेरी, कडेला जाळी पडलेलं.

आता रीत अशी की पहिला घास धाकट्यानं वडीलधाऱ्याच्या वाटीत घालायचा. दर आठवड्याला तेम ऑम्लेटचा कडेचा कुरकुरीत तुकडा तोडून काकांच्या वाटीत टाकायचा. विचार करायचा प्रश्नच नव्हता. आज त्यानं तुकडा तोडला आणि तो चॉपस्टिकमध्ये लटकत राहिला. बाबांनी नजर आपल्या वाटीत घातली. काकांनीही आपल्या वाटीत. दोघं पेजेत असं बघत होते जसं काही तिथं मासे पोहताहेत.

तेमनं तुकडा आईच्या वाटीत टाकला.

"माझं नशीब," आई म्हणाली. "तेवीस वर्षांत पहिल्यांदा."

शेजारच्या टेबलावरून तोमनाना फिस्सकन हसले. म्हणजे ते सगळं ऐकत होते. म्हातारे कान तिकडेच लावून बसले होते.

जेवण सुरू झालं. बाबांनी खाऱ्या माशाचा चांगला मोठा तुकडा उचलून तेमच्या वाटीत ठेवला. "लहानपणी तुला आवडायचा. तू मागून मागून खायचास."

तेमला खारा मासा आवडत नव्हता. आवडायचा हे त्याला आठवतही नव्हतं. पण त्यानं तो खाल्ला. सगळा. खारटपणानं डोळ्यांत पाणी आलं तेव्हा समोरून एक हात आला आणि त्याच्या वाटीत दोन चमचे गरम कोरी पेज पडली. काका त्याच्याकडे बघतही नव्हते. त्याच हातानं त्यांनी नाळीच्या भाजीची बशी थोडी फिरवली. कोवळी पानं तेमच्या बाजूला आली, जून देठं त्यांच्या स्वतःच्या. मग ते देठं चावत बसले. हे ते रोज करायचे, म्हणून तेमचं तिकडे लक्षही गेलं नाही.

बाबांचं गेलं. त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि थोडा वेळ ठेवूनच बसले.

काकांनी घसा खाकरला. "तर सानितभाऊ. उद्या सात वाजता मुंडण. पहिली बट तुम्ही कापा, मग विमोन. मिरवणुकीत पात्र तुमच्याकडे. मला काही सांगायची गरज नाही, तुम्ही स्वतः यातून गेलायत."

"कशातून?" बाबा म्हणाले.

"दीक्षेतून."

बाबांना ठसका लागला. आईनं पाणी पुढं सरकवलं आणि तोंडावर पदरासारखा रुमाल धरला. तिचे खांदे हलायला लागले होते.

"मी?" बाबा म्हणाले. "मी कुठं दीक्षा घेतली?"

काका गोंधळले. "अहो, फोटो आहे ना घरी. विमोनच्या डब्यात. तुम्ही पांढऱ्या कपड्यांत, डोक्याचा गोटा, भुवया नाहीत, हातात कमळ. मी स्वतः बघितलाय. कित्येकदा."

"तो मुंडणानंतरचा आहे."

"तेच म्हणतोय मी."

"मुंडणानंतरचा आणि पळायच्या आधीचा," बाबा म्हणाले.

आईनं रुमाल सोडून दिला आणि ती मोकळेपणानं हसली. इतकी हसली की कीमवहिनीनं कढई सोडून बघितलं. "सांग ना रे सानित. सांग त्यांना. मी काय सांगू?"

बाबांचे कान लाल झाले. "सूत्रं पाठ होत नव्हती मला. रात्रभर घोकली. सकाळी डोकं भादरलं, फोटो काढला, आणि मिरवणूक विहाराशी आली तसं एकही ओळ आठवेना. म्हटलं, आत जाऊन भंतेंपुढं फजिती, त्यापेक्षा... लघवीला जातो म्हणालो. मागच्या नारळाच्या बागेतून कालव्यावर गेलो, भोपळे भरलेल्या एका होडीत बसलो आणि सुटलो. पांढऱ्या कपड्यांत. ढोल वाजतच होते."

"अरे तो तू होतास?" तोमनाना उभेच राहिले. "दामनच्या कालव्याजवळचा? अरे बाबा, तिथं मीच वाजवत होतो! आम्ही तीनच्या ऐवजी पाच फेऱ्या मारल्या, नवरदेव कुठाय नवरदेव कुठाय म्हणत!"

आता आख्खं दुकान ऐकत होतं.

"आणि भुवया यायला किती वेळ लागतो ठाऊक आहे?" बाबा म्हणाले. "बाजारात जिकडं जाईन तिकडं लोक म्हणायचे, हा बघा पळालेला."

"मी शिलाई मशीनवर बसले होते," आई डोळे पुसत म्हणाली. "हा दुकानात आला, भुवया नाहीत, चेहरा उकडलेल्या अंड्यासारखा. मला हसू आवरेना. तिथंच फसले."

"मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?" काका तिला म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखाद्यानं वर्षानुवर्षं जड पोतं वाहावं आणि मग कळावं की आत नुसता भुसा आहे, असा आवाज होता.

"तुम्ही कधी विचारलंत? त्याचं नाव काढलं की तुम्ही आरसे पुसायला जाता. मला काय ठाऊक, तुम्ही तो फोटो बघून मनाशी काय काय ठरवून बसलायत!"

काकांचा हात रुमालाकडे गेला, पण टेबलावर पुसण्यासारखी जागाच उरली नव्हती. सगळीकडे बश्या.

तेमनं बघितलं की आत्ताच. ऑम्लेट कधीच येऊन गेलं होतं, ठरल्या वेळेला सगळं करायचं राहूनच गेलं होतं, पण आत्ताच.

"काका, इथं बसलेले सगळेच कच्चे आहेत. मीही. निदान उद्यापर्यंत." त्यानं श्वास घेतला. "माझं पात्र तुम्ही धरा. मला ते तुमच्याच हातात हवंय. तुम्ही नाही धरलंत तर मी पण लघवीला जातो म्हणेन."

"गप रे!" आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "असलं बोलू नये."

काकांनी बाबांकडे बघितलं. "पण हे एवढ्या लांबून आलेत. मीच बोलावलंय. आता यांना काय सांगू?"

बाबा बराच वेळ आपल्या वाटीतली पेज ढवळत होते. मग म्हणाले, "पंखा आहे की. पंखा कुणीतरी धरायलाच हवा. हलका असतो, मला झेपेल." थोडं थांबून, कुणाकडेच न बघता, "पात्र माझ्याकडे देऊ नका बुनलर्टभाऊ. माझा काही भरवसा नाही. मी वाटेतून निघून जाणारा माणूस आहे."

ते हसत म्हणाले. पण त्यावर टेबलावर कुणी हसलं नाही, तोमनानाही नाही. आईनं खाऱ्या माशाची बशी उचलली आणि बाबांच्या पुढं ठेवली. "खा. एवढा मागवलाय, टाकायचा का?"

बाबांनी खाल्ला.

काका अजून हो म्हणाले नव्हते. ते कीमवहिनीकडे वळले. "वहिनी, अजून एक पेज."

"एक का चार?"

"एकच. मला." आणि मग, जसं काही पेजेबद्दलच बोलताहेत तसं, "ते पात्र... पोटाशी धरायचं का छातीशी?"

तेमनं ऑम्लेटचा उरलेला तुकडा उचलला. मऊ होता, कडेचा नव्हता. काकांच्या वाटीत टाकला.

"छातीशी बहुतेक," तो म्हणाला. "मला तरी कुठं माहीत आहे."

"छातीशीच!" तोमनाना ओरडले. "आणि दोन्ही हातांनी! आणि चालायचं हळू! मी सांगतो ना!"

निघताना कीमवहिनी आतून एक टोप घेऊन आली. गोल, बुडाला काळा, झाकण कापडानं घट्ट बांधलेलं. "काळ्या रश्शातली अंडी. उद्या विहारात भंतेंच्या पंगतीला वाढायची. माझं पुण्य आहे यात, सांडायचं नाही." तिनं टोप पुढं केला. तेम सरसावला, तर तिनं त्याच्या हातावर टिचकी मारली. "तू नाही. तू उद्याचा भंते. बुनलर्ट, धर."

काकांनी धरला. गरम होता, म्हणून रुमाल खाली घेतला. आधी पोटाशी, मग छातीशी. दोन्ही हातांनी. आणि ते दाराकडे चालायला लागले. स्टुलं दाटीवाटीनं मांडलेली, म्हणून हळूहळू. लोक पाय आत घेत होते, स्टुलं सरकवत होते, एका बाईनं आपलं पोर उचलून मांडीवर घेतलं. मागून तेम, मागून आई. बाबा थोडे घुटमळले. मग त्यांनी टेबलावरचा मेन्यूचा पुठ्ठा उचलला, पंख्यासारखा उभा धरला आणि रांगेत शिरले.

तोमनानांनी मान मागं टाकली.

"होऽऽऽऽऽऽ..."

मिरवणुकीतली ती आरोळी. नानांच्या छातीत एवढी हवा कुठून येते कुणास ठाऊक. ती लांबत गेली, लांबत गेली, आणि तुटायच्या बेताला आली तेव्हा आख्ख्या दुकानानं तोंडात पेज असताना तिला झेललं.

"ह्यूऽऽऽ!"

काकांचे कान मागून लालबुंद दिसत होते. पण ते थांबले नाहीत आणि वळलेही नाहीत. छातीशी टोप धरून, पावलं मोजून टाकत, बाहेर गेले.

गाडीशी आल्यावर तेम म्हणाला, "द्या, मागं बाकाखाली ठेवतो."

"नको."

"काका, गाडी कशी चालवाल मग?"

काकांनी विचार केला. मग टोप सांभाळत आईकडे वळून म्हणाले, "किल्ली खिशात आहे. काढ. तू चालव."

आईनं आयुष्यात दोनदा ती गाडी चालवली होती आणि दोन्ही वेळा काकांनी पुन्हा हात लावायचा नाही म्हणून शपथ घातली होती. तिनं किल्ली काढली.

तेम आणि बाबा मागं बसले, समोरासमोरच्या बाकांवर, मध्ये ड्युरियनची पिशवी. गिअर खरकन ओरडला, गाडीनं दोन आचके खाल्ले. आतून काकांचा "हळू गं, हळू!" ऐकू आला.

"हा मेन्यू परत द्यायला हवा होता," बाबा हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत म्हणाले.

"उद्या देऊ," तेम म्हणाला. "राहणार ना तुम्ही?"

"पंखा धरून होईपर्यंत तरी."

ते पुरेसं होतं. तेमनं पुढच्या केबिनच्या छोट्या काचेतून पाहिलं. काकांचं टक्कल इतकी वर्षं त्यानं त्या काचेत उजवीकडे पाहिलं होतं, स्टिअरिंगमागं. आज ते डावीकडे होतं. खड्डा आला की ते टक्कल खाली वाकायचं, टोपावर, आणि गाडी सावरली की पुन्हा ताठ व्हायचं.